‘नॉर्मल’ ते ‘एक्स्टेंडेड’

संगणकावर उबुंटू बसविताना कोणती पॅकेजे आपोआप यावीत, हा प्रश्न वरवर तांत्रिक भासतो. वस्तुतः तो वापरणाऱ्याविषयीच्या कल्पनेचा आहे. २०१८ च्या १८.०४ आवृत्तीत इन्स्टॉलर दोन पर्याय ठेवी : ‘नॉर्मल’ व ‘मिनिमल’. मिनिमलमध्ये ब्राउझर आणि जुजबी साधने. नॉर्मलमध्ये लिबरऑफिससह भरला संसार. ऑक्टोबर २०२३ च्या २३.१० मध्ये आखूड संच पूर्वनिवडित झाला, आणि २०२४ च्या २४.०४ मध्ये भरल्या संचास ‘एक्स्टेंडेड’ हे नाव मिळाले. काल जे सामान्य होते ते आज वाढीव ठरले!

नको ते काढीत बसण्यापेक्षा हवे ते मागवावे, हे आखूड संचाच्या कैवाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. परंतु ‘मागवावे’ या क्रियापदात अखंड इंटरनेट गृहीत आहे. ते ज्याच्यापाशी नाही, त्याच्यासाठी मोठा संच आहे, असे इन्स्टॉलर सांगतो खरा. पण खूण मात्र दुसऱ्याच पर्यायापुढे असते. नवखा मनुष्य ती खूण बदलीत नाही; तो ‘पुढे’ दाबतो. नेटवर्काविषयीचा प्रश्न त्याला आधीच्याच एका पायरीवर विचारलेला असतो. त्या उत्तरावरून ही खूण ठरावयास हवी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.