पानिपत जिंकलं, पण मुलगा कुठाय?

मंडळी, आपलं मराठी माणसाचं 'जर-तर' बहुधा हरलेल्या गोष्टीपासून सुरू होतं. पानिपत जिंकलो असतो तर! पण जे चांगलं पदरात पडलंय, 'ते घडलंच नसतं तर?' असं आपण विचारत नाही. कुणी विचारलंच, तर घरचे म्हणतात, अभद्र बोलू नको.

जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. तिचं इंग्रजी रूप, 'द ॲडव्हेंचर', अकरावीच्या पाठ्यपुस्तकातून मुलांपर्यंत पोचलं. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका निराळ्याच इतिहासात जाऊन पडतात. तिथे १७६१ साली विश्वासरावांना गोळी नुसती चाटून जाते आणि मराठे जिंकतात. या कथेवर बोलताना आपण एकतर त्यातलं विज्ञान समजावत बसतो, नाहीतर विजयानं सुखावतो. मला मात्र एक छोटा प्रसंग अडवतो. पंत मुंबईत मुलाच्या कचेरीत चौकशी करतात, तर त्या नावाचं तिथे कुणीच नाही! म्हणजे बघा, पानिपत मिळालं आणि मुलगा गेला.

माझी तक्रार इथेच आहे. लेखक या प्रसंगापाशी थांबत नाहीत. पंत उत्तर शोधायला ग्रंथालयाकडे वळतात. परत आल्यावर बापानं मुलाकडे निराळ्या नजरेनं पाहिलं का, हे कथा सांगत नाही. कोडं सुटतं, माणूस मात्र तसाच राहतो.

२००८ साली मिंक्युंग कू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. काही जोडीदारांनी 'आपली भेट कशी झाली' ते लिहिलं, काहींनी 'ती कशी झालीच नसती' ते लिहिलं. दुसऱ्यांना आपल्या नात्याबद्दल जास्त समाधान वाटलं. आधी विचारलं असता लोकांचा अंदाज याच्या उलटा होता. कारण साधं आहे. चांगल्याची सवय होते आणि नवल संपतं. 'नसतं तर' म्हटलं की ते नवल परत येतं.

आता आपल्या भंडाऱ्याचंच घ्या. कोहळ्यांनी बांधलेले हे तलाव, मालगुजारी गेल्यावर 'माजी मालगुजारी', म्हणजे आपले 'मामा' तलाव झाले. रोज त्यांच्या पाळीवरून जातो, पण दिसतो का तलाव? तो मनातून पुसून बघा. धानाचं शेवटचं पाणी गेलं, ढिवरांची मासोळी गेली, सिंगाडा गेला. मग त्यातला गाळ डोळ्यांत खुपायला लागतो.

एक सांभाळा, बरं का. हा प्रयोग ज्यानं त्यानं स्वतःवर करायचा. ज्याच्या धानाचे चुकारे अडकलेत त्याला 'तेवढंही नसतं तर?' म्हणणं हे समाधान नव्हे, ते त्याचं तोंड दाबणं आहे.

आज घरी गेल्यावर एकच करा. जे माणूस दार उघडेल, ते नसतं तर, एवढा विचार उंबऱ्यावर करा आणि मग आत जा.