मध्यस्थतेचे माप आणि घराण्यांचे महत्त्व

जालकातील बिंदूंचे महत्त्व मोजण्याच्या ज्या रीती आज रूढ आहेत, त्यांत लिंटन फ्रीमन यांनी १९७७ साली मांडलेल्या मध्यस्थतेच्या मापाला मानाचे स्थान आहे. बिंदूंच्या प्रत्येक जोडीमधील लघुतम मार्गांपैकी किती हिस्सा विवक्षित बिंदूतून जातो हे पाहावयाचे, आणि सर्व जोड्यांसाठी त्यांची बेरीज करावयाची, एवढीच ही रीत. ती सुबोध आहे. परंतु तिच्या पोटी असलेली गृहीते सहसा तपासली जात नाहीत.

पंधराव्या शतकातील फ्लॉरेन्सच्या सोळा घराण्यांचे विवाहजालक अभ्यासकांच्या नित्य परिचयाचे आहे. त्यात पुच्ची घराण्याचा कोणाशीच संबंध नाही. उरलेली पंधरा परस्परांशी जोडलेली आहेत. मेदिची घराण्याचे सहा संबंध, तर स्त्रोत्झींचे चार. कोणत्याही एका घराण्यासाठी उरलेल्या चौदांच्या ९१ जोड्या होतात. त्यांपैकी ४७.५ इतकी बेरीज मेदिचींच्या वाट्यास येते, प्रमाण ०.५२२. कोझिमो दे मेदिची १४३४ साली हद्दपारीतून परतून नगराचा सूत्रधार झाला, हे ध्यानी घेता पाठ्यपुस्तकांना हा आकडा प्रिय वाटावा, यात नवल नाही.

परंतु त्याच कोष्टकात साल्व्हियाती घराणे पाहावे. त्याचे संबंध अवघे दोन, मेदिचींशी व पात्सींशी; तरीही त्याची मध्यस्थता ०.१४३, आणि चार संबंध असलेल्या स्त्रोत्झींची मात्र ०.१०३. याचे कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. पात्सींचा एकमेव संबंध साल्व्हियातींशी असल्यामुळे पात्सींपासून इतर तेरा घराण्यांकडे जाणारा प्रत्येक मार्ग त्यांच्यातूनच जातो. आणि तेरा भागिले एक्क्याण्णव म्हणजे ०.१४३. पात्सींना यादीतून वगळले की साल्व्हियातींची मध्यस्थता शून्य होते. ज्या महत्त्वाचे अस्तित्व एका नावाच्या समावेशावर अवलंबून असते, ते घराण्याचे म्हणावे की यादीचे?

हा प्रश्न केवळ तार्किक नव्हे. जॉन पॅजेट व ख्रिस्तोफर अ‍ॅन्सेल यांच्या १९९३ च्या निबंधात ९२ घराण्यांचा विचार असून, विवाहाबरोबरच व्यापार, आश्रय व शेजार यांचे संबंधही पारखले आहेत. मेदिचींचे अनुयायी एकमेकांशी मुख्यत्वे मेदिचींच्या द्वारेच जोडलेले होते, तर विरोधक परस्परांत गुंतलेले होते, हे त्यांचे प्रतिपादन एका आकड्यावर उभे नाही. दोष मूळ संशोधनाचा नसून त्याच्या संक्षेपाचा आहे.

दुसरे गृहीत प्रवाहाविषयीचे. विवाहसंबंधांतून वार्ता, विश्वास वा कर्ज जात असेल, तर ते लघुतम मार्गानेच जाईल, असे मानण्यास आधार काय? वार्ता अनेक वाटांनी पसरते. विश्वास दोन पायऱ्यांपलीकडे विरळ होतो. स्टीफन बोर्गाटी यांनी २००५ साली हेच दाखविले की, प्रत्येक माप विशिष्ट प्रकारचा प्रवाह गृहीत धरते आणि प्रवाह बदलला की मापाचा अर्थही ढळतो.

म्हणून प्रबंधात मध्यस्थतेचे कोष्टक देणाऱ्याने त्याआधी दोन गोष्टी सांगणे अगत्याचे आहे: जालकातून काय वाहते असे तो मानतो, आणि जालकाची सीमा त्याने कोठे व का आखली. मेदिचींचे अग्रस्थान या कसोटीवरही टिकते. साल्व्हियातींचे टिकत नाही. हा भेद आकड्यांतून आपोआप दिसत नाही. तो दाखविणे हे अभ्यासकाचे काम होय.