नकाराची नोंद : वेल्समधील आइस्टेद्वॉद आणि मराठी नाट्यस्पर्धांतील परीक्षण

मराठी नाट्यसमीक्षेत स्पर्धेचा उल्लेख बहुधा चरित्राच्या ओघात येतो. अमुक नाटककार आंतरमहाविद्यालयीन एकांकिकांतून पुढे आला, तमुक नाटक प्रथम राज्य नाट्यस्पर्धेत सादर झाले, एवढे नोंदवून अभ्यासक पुढे जातो. स्पर्धा ही स्वतःच मूल्यनिर्णय करणारी एक वाङ्मयीन संस्था आहे आणि तिच्या कार्यपद्धतीचा परिणाम लेखनावर व समीक्षेवर होतो, हे गृहीत धरून केलेला विचार मराठीत फारसा आढळत नाही. ही संस्था विनावेतन कार्यकर्त्यांनी चालवलेली असेल तर प्रश्न अधिकच बिकट होतो. दिवसा कचेरीत, शाळेत किंवा दुकानात काम करून संध्याकाळी नाट्यगृहाच्या दारात उभी राहणारी माणसे एखाद्या कलाकृतीला श्रेष्ठ ठरवतात किंवा श्रेष्ठत्व नाकारतात, तेव्हा त्यांच्या निर्णयाला अधिकार कोठून प्राप्त होतो? या प्रश्नाच्या तुलनात्मक विचारासाठी वेल्समधील आइस्टेद्वॉद हा महोत्सव विशेष उपयुक्त ठरतो.

‘आइस्टेद्वॉद’ या वेल्श शब्दाच्या मुळाशी ‘बसणे’ हा धातू आहे. मराठीत त्याला ‘बैठक’ हा शब्द सहज बसतो. गाण्याची बैठक म्हणताना त्या शब्दाला येणारी जाणकारीची छटाही त्यात आहे. लॉर्ड रिस याने ११७६ मध्ये कार्डिगनच्या किल्ल्यात कवी आणि वादक यांच्या स्पर्धा भरवल्या, हा या परंपरेचा आरंभ मानला जातो. आजच्या राष्ट्रीय आइस्टेद्वॉदची परंपरा १८६१ च्या अॅबरडेअर येथील महोत्सवापासून मोजतात. दरम्यान, १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोझ हिलवर इओलो मॉर्गानुग या टोपणनावाच्या पाथरवट कवीने ‘गोर्सेद’ ही कविमंडळाची विधिपरंपरा सुरू केली आणि १८१९ मध्ये ती आइस्टेद्वॉदशी जोडली गेली. हा कवी जुन्या कवींच्या नावावर स्वतःच्या रचना खपवण्यात निष्णात होता. कर्तृत्वाच्या खरेपणाविषयी अत्यंत दक्ष असलेल्या एका स्पर्धेचा समारंभ अशा माणसाने रचावा, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा.

राष्ट्रीय आइस्टेद्वॉद दर वर्षी ऑगस्टमध्ये, साधारणतः एका वर्षी उत्तर वेल्समध्ये तर पुढच्या वर्षी दक्षिणेत भरतो. त्याला कायमचे कार्यालय आहे. परंतु जेथे महोत्सव भरावयाचा त्या परिसरात स्थानिक कार्यकारी समिती व तिच्या उपसमित्या उभ्या राहतात. स्पर्धांचे विषय सुचवणे आणि गावोगाव कार्यक्रम करून निधी जमवणे ही कामे तेथील कवी, शिक्षक, शेतकरी, गायक मंडळी करतात. विषयांची यादी पुस्तकरूपाने आधीच प्रसिद्ध होते. त्याखालच्या पातळीवर खेड्यांतील प्रार्थनागृहांत आणि सभागृहांत भरणारे लहान आइस्टेद्वॉद आहेत. ते सर्वस्वी गावकऱ्यांच्या श्रमावर चालतात. सकाळी मुलांचे पाठांतर व गाणे, रात्री प्रौढांचे गायन आणि काव्यस्पर्धा असा त्यांचा क्रम असतो. लहान मुलांना बक्षिसाचे पैसे छोट्याशा शिवलेल्या पिशवीत घालून ती गळ्यात अडकवण्याची जुनी रीत आहे. वेल्श भाषेचे परीक्षण-वाङ्मय या सामान्य जमिनीतून उगवले आहे, आणि ते समजून घेतल्याविना राष्ट्रीय महोत्सवातील भव्य विधींचा अर्थ लागत नाही.

त्या विधींपैकी सर्वांत महत्त्वाचा विधी खुर्चीप्रदानाचा. प्राचीन वृत्तबंधांतील दीर्घ कवितेसाठी कवीला लाकडी खुर्ची दिली जाते. कविता टोपणनावाने पाठवावयाची, खरे नाव बंद लिफाफ्यात ठेवावयाचे आणि निकालानंतर त्या टोपणनावाची हाक दिल्यावर कवीने प्रेक्षकांत उभे राहावयाचे, अशी पद्धत आहे. १९१७ मध्ये बर्कनहेड येथे टोपणनाव पुकारले गेले तेव्हा कोणीही उभे राहिले नाही. हेद विन या नावाने लिहिणारा मेंढपाळ कवी ३१ जुलै रोजी बेल्जियमच्या रणांगणावर मारला गेला होता. खुर्चीवर काळे वस्त्र पांघरण्यात आले. ही हकीकत वेल्समध्ये सर्वतोमुखी आहे. तिच्यातील करुणेमुळे मात्र एक गोष्ट झाकली जाते. टोपणनावाच्या व्यवस्थेने आपले काम त्या दिवशी चोख केले होते. परीक्षकांनी निर्णय दिला तो संहितेवर, तिच्या कर्त्याच्या भाग्यावर नव्हे.

परीक्षकांना आणखी एक अधिकार आहे : कोणीही पात्र नाही असे जाहीर करण्याचा. २००९ आणि २०१३ या दोन्ही वर्षी खुर्ची कोणालाही देण्यात आली नाही. अशा वेळी हजारो लोक मंडपात बसलेले असतात, समारंभाची सिद्धता झालेली असते, गावाने दोन-दोन वर्षे खपून निधी उभा केलेला असतो. तरीही खुर्ची रिकामी राहते आणि लोक ते मान्य करतात. यामागचे एक कारण विधीपेक्षा पुस्तकात सापडते. पारितोषिकप्राप्त रचना आणि त्यांवरील परीक्षकांचे अभिप्राय यांचा एक ग्रंथ दर वर्षी निघतो. परंपरेने तो खुर्चीप्रदान आटोपताच विक्रीस येतो. परीक्षकांत मतभेद असतील तर तेही त्यात स्वतंत्र लेखांत छापले जातात. कविता नाकारली गेली तर कोणत्या ओळीपाशी भाषा सैल पडली, वृत्त कोठे चुकले, कल्पना कोठे उसनी वाटली, हे स्पर्धकाला आणि वाचकालाही कळते.

असा नकार बरोबरच असतो असे नाही. १९२८ मध्ये त्रेऑर्की येथे खुर्ची नाकारण्यात आली तेव्हा स्पर्धेत ग्वेनल्ट या कवीची ‘संत’ ही रचना होती. दोनच वर्षांपूर्वी त्याने खुर्ची जिंकलेली होती. वासना आणि साधुत्व यांचा झगडा त्याने ज्या उघडेपणाने मांडला तो सर जॉन मॉरिस-जोन्स यांच्यासारख्या परीक्षकाला सहन झाला नाही. मॉरिस-जोन्स हे वेल्श व्याकरण व छंदःशास्त्र यांचे त्या काळातील सर्वश्रेष्ठ पंडित. म्हणजे नकार अज्ञानातून आलेला नव्हता. विद्वत्तेच्या आड उभ्या असलेल्या नैतिक संकोचातून तो आला होता. कविता पुढे प्रसिद्ध झाली, परीक्षकांची भूमिकाही सर्वांसमोर होती, आणि नंतरच्या पिढ्यांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या. आज ‘संत’ ही विसाव्या शतकातील महत्त्वाच्या वेल्श कवितांत गणली जाते. निर्णय उलटला, पण तो उलटवण्याची सामग्री निर्णय देणाऱ्यांनीच मागे ठेवली होती.

स्वयंसेवी रचनेतील दुसरा पेच १९७६ मध्ये उघड झाला. कार्डिगनच्या त्या महोत्सवाला ११७६ च्या घटनेची आठशे वर्षे पूर्ण झाल्याचे निमित्त होते. परीक्षकांनी सर्वोत्तम ठरवलेली कविता डिक जोन्स या शेतकरी कवीची निघाली. परंतु तो त्याच महोत्सवाच्या साहित्य-उपसमितीचा सदस्य असल्याने त्याला विषय आधीच ठाऊक होता, आणि नियमानुसार तो अपात्र ठरला. खुर्ची अॅलन ल्विड यांना मिळाली. या प्रसंगाकडे केवळ नियमभंग म्हणून पाहणे अपुरे आहे. परिसरातील जाणता कवी उपसमितीत नसेल तर कोण असेल? जेथे आयोजक, स्पर्धक, परीक्षक आणि श्रोता एकाच समाजातून येतात, किंबहुना एकच माणूस निरनिराळ्या वर्षी या चारही भूमिका करतो, तेथे निःपक्षपातासाठी काही वेळा त्या समाजालाच आपल्या उत्तम माणसाला बाहेर ठेवावे लागते. ही किंमत वेल्श समाजाने मोजली. आणि डिक जोन्स यांनाही पुढे २००८ मध्ये गोर्सेदचे सर्वोच्च पद देऊन त्याने आपल्यात राखले.

संगीताच्या बाजूने पाहता हेच चित्र निराळ्या रंगात दिसते. ‘केर्द दांत’ या वेल्श गानप्रकारात हार्पवर एक धून सुरू होते, काही मात्रांनंतर गायक त्याहून निराळ्या चालीत कविता गाऊ लागतो आणि दोघांनी एकाच वेळी समेवर यावयाचे असते. याचा परीक्षक छंद आणि स्वर दोन्ही जाणणारा असावा लागतो. आपल्याकडे संगीत नाट्यस्पर्धेत पदाचे शब्द नटाच्या तानेखाली दडपले गेले की नाही, हा निर्णयही याच जातीचा आहे. त्याची लेखी चर्चा मात्र मराठीत नाट्यसंगीताच्या आठवणींपलीकडे क्वचित जाते.

मराठी स्पर्धांकडे वळताना एक भेद प्रथम मान्य करावा लागतो. २०२१ च्या जनगणनेनुसार वेल्समध्ये वेल्श बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार आहेत. भारताच्या २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटींहून अधिक. आइस्टेद्वॉदच्या मंचावर १९५० पासून वेल्शखेरीज दुसरी भाषा चालत नाही, आणि हा नियम भाषेच्या अस्तित्वाच्या चिंतेतून आलेला आहे. त्याचा एक दुय्यम लाभ असा की परीक्षकालाही आपली परिभाषा वेल्शमध्ये घडवावी लागली. मराठी एकांकिका-स्पर्धेतील परीक्षकाच्या मनोगतात ब्लॉकिंग, टायमिंग, कॉम्पोझिशन, ग्राफ हे शब्द येतात आणि विद्यार्थ्यांना ते कळतातही. पण त्या शब्दांनी प्रयोगाचे वर्णन होते, संहितेचे परीक्षण बहुधा होत नाही.

पुण्यातील महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा भरवत आली आहे. तिची व्यवस्था वेल्श खुर्चीच्या अगदी उलट टोकाची आहे. येथे निर्णय प्रयोगावर होतो, त्यामुळे संघाची ओळख झाकणे अशक्य. भरत नाट्य मंदिराचे प्रेक्षागृह महाविद्यालयांच्या नावांच्या आरोळ्यांनी दुमदुमत असते. निःपक्षपात राखण्यासाठी लॉट्स काढून क्रम ठरवणे, वेळेची काटेकोर मर्यादा, बाहेरून आणलेले परीक्षक, असे मार्ग अवलंबावे लागतात. ही शिस्त सांभाळणारे कार्यकर्ते पिढ्यान्‌पिढ्या त्याच स्पर्धेतून आलेले असतात. त्यांच्या नेकीविषयी शंका घेण्यास जागा नाही. २०२२ मध्ये अंतिम फेरीतील एकही एकांकिका पात्र नाही असे ठरवून परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही. असे प्रथमच घडत असल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांनी नोंदवले. निर्णयावर वाद झाला आणि काही दिवसांत तो शमला.

वादापेक्षा त्याचे शमणे अधिक विचार करायला लावणारे आहे. करंडक नाकारणे हे एका पिढीच्या नाट्यलेखनाविषयीचे गंभीर विधान होते. त्या विधानाचा प्रतिवाद करावयाचा तर अंतिम फेरीतील संहिता हव्यात आणि प्रत्येक संहितेविषयी परीक्षकांनी लिहिलेले विवेचन हवे. वृत्तपत्रांतील मजकूर, भाषणे आणि आठवणी यांवर असा प्रतिवाद उभा राहत नाही. ग्वेनल्टला जी दाद नंतरच्या वाचकांकडे मागता आली ती पुण्यातील विद्यार्थी-लेखकांना मागता येणे कठीण आहे. कदाचित परीक्षकांचा निर्णय पूर्णतः योग्य असेल; तो योग्य होता हे दाखवण्याची सोयही त्यांना उरत नाही.

संहितांच्या जतनाविषयी एक विपरीत वस्तुस्थिती येथे नमूद केली पाहिजे. महाराष्ट्रात प्रयोगापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते आणि अनेक स्पर्धा मंडळाचे प्रमाणपत्र मागतात. त्यामुळे स्पर्धेसाठी लिहिलेल्या एकांकिकांची प्रत जर कोठे पोहोचत असेल तर ती कात्री हाती असलेल्या कार्यालयात. ज्यांनी त्या लेखनाला गुण दिले, त्यांच्या दप्तरी गुणपत्रिकेखेरीज काही राहील याची शाश्वती नाही.

याच्या जोडीला ‘घाशीराम कोतवाल’चा इतिहास पाहावा. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या पुण्यातील हौशी संस्थेने डिसेंबर १९७२ मध्ये तेंडुलकरांचे हे नाटक राज्य नाट्यस्पर्धेसाठी उभे केले. पुढे वाद पेटला, संस्थेने प्रयोग थांबवले आणि कलावंतांनी बाहेर पडून १९७३ मध्ये थिएटर अॅकॅडमी स्थापन केली. हौशी संस्थेला आपल्याच कलाकृतीचा भार पेलला नाही, असे याचे वर्णन करता येते. ‘घाशीराम’ वाचले ते छापील संहिता आणि जिद्दीने उभी राहिलेली नवी संस्था यांच्यामुळे. ज्या एकांकिकेच्या लेखकाचे वय एकोणीस आहे आणि जिचा संघ वर्षअखेरीस परीक्षा देऊन पांगणार आहे, तिला यांतले काहीच उपलब्ध नसते.

वेल्श व्यवस्था आदर्श म्हणून पुढे करण्याचा मोह येथे आवरावा लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये पाँटिप्रीद येथील महोत्सवात नाट्यपदकाचा समारंभ झालाच नाही. परीक्षण पूर्ण झाल्यावर स्पर्धा थांबवण्यात आल्याचे आयोजकांनी कळवले आणि पदक कोणालाही मिळाले नाही. संस्थेच्या पारदर्शकतेविषयी वेल्श नाट्यजगतात तीव्र नाराजी उमटली. ‘कोणीही पात्र नाही’ या निकालाला निमूट मान देणारा समाज या वेळी अस्वस्थ झाला, कारण या वेळचा नकार परीक्षकांचा नव्हता. खुर्ची रिकामी राहते तेव्हा कारण सांगणारी माणसे आणि त्यांचा मजकूर वाचकासमोर असतो. येथे निर्णय व्यवस्थापनाचा होता आणि परीक्षकांच्या वाङ्मयीन मताची जागा मोकळी होती.

महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळांनी भरवलेल्या स्पर्धांना हा विचार अधिक निकडीने लागू पडतो. इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली येथील मंडळांची स्थिती बर्कनहेड किंवा लिव्हरपूल येथील जुन्या वेल्श वसाहतींशी मिळतीजुळती आहे. राष्ट्रीय आइस्टेद्वॉद इंग्लंडच्या भूमीवर १९२९ मध्ये लिव्हरपूलला भरला. त्यानंतर तो सीमेपलीकडे गेलेला नाही. त्या शहरांतील वेल्श लेखनाचा माग आजच्या अभ्यासकाला घेता येतो तो बऱ्याच अंशी त्या वर्षांच्या परीक्षण-ग्रंथांतून. बृहन्महाराष्ट्रातील मंडळांच्या स्मरणिकांत शुभेच्छा, जाहिराती, कार्यकारिणीची छायाचित्रे आणि विजेत्यांची नावे छापली जातात. त्याच कागदावर परीक्षकाची चार पाने आणि पहिल्या एकांकिकेची संहिता बसवणे खर्चाच्या दृष्टीने अवघड नाही. परीक्षकाला मात्र निकालाच्या रात्री बोलून मोकळे होता येणार नाही, घरी जाऊन लिहावे लागेल.