‘श्यामची आई’ : तीन वयांतले वाचन

आवडत्या पुस्तकांची नावे विचारली की आपण ती भराभर सांगतो. त्यांतले एखादे शेवटचे कधी उघडले, असे पुढे विचारले तर मात्र पंचाईत होते. आवडती पुस्तके आपण वाचत नाही, आठवतो. आणि ज्या वयात ती वाचली त्या वयातच ती आठवण थांबून राहते. ‘श्यामची आई’ हे याचे सर्वांत ठळक मराठी उदाहरण आहे, असे माझे मत आहे. साहित्याची पदवी माझ्याजवळ नाही. आहेत त्या वाचनाच्या वह्या, आणि त्यांत या पुस्तकाच्या तीन नोंदी.

पहिली नोंद शाळकरी वयातली, चार ओळींची. तीत श्यामचे पोहणे आहे आणि पायांना घाण लागू नये म्हणून आईने ओच्यावर पाय ठेवू दिल्याचा प्रसंग आहे. त्या वयात बहुतेकांना एवढेच दिसते. पाठ्यपुस्तकांनी असेच प्रसंग उचलले आणि १९५३च्या अत्रे यांच्या चित्रपटाने आईला वनमालाबाईंचा चेहरा दिला.

दुसरी नोंद तिशीतली आणि फटकळ आहे. ‘कोसला’ डोक्यात भिनलेले होते. पांडुरंग सांगवीकरच्या तिरकस बोलण्याची सवय लागलेल्या कानाला साने गुरुजींची ओली वाक्ये सोसत नव्हती. हे पुस्तक रडके आहे, हा आक्षेप आजही मी पूर्ण खोडून काढणार नाही. भावना वाचकाच्या मनात उमटण्याआधीच गुरुजी ती स्वतः बोलून टाकतात.

तिसरे वाचन गेल्या वर्षीचे. आता माझी वाचनाची सवयच बदलली आहे. एका बैठकीत फडशा पाडणे डोळ्यांना झेपत नाही, आणि तशी घाईही उरलेली नाही. पुस्तकाची मांडणी बेचाळीस रात्रींची आहे. मी रोज एकच रात्र वाचली, तीही मोठ्याने. तेव्हा प्रत्येक रात्रीच्या सुरुवातीला येणारा तो आश्रम, कथेची वाट पाहणारी ती मंडळी नीट दिसली. मुले हा भाग गाळतात. पण सांगणारा श्याम मोठा आहे, आई जाऊन खूप वर्षे झाली आहेत आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणीही तिला पाहिलेले नाही, हे त्या चौकटीमुळेच सतत जाणवत राहते. गुरुजींनी हे लिहिले फेब्रुवारी १९३३मध्ये, नाशिकच्या तुरुंगात, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी.

आणि दिसले ते कर्ज. पुस्तकाचा उत्तरार्ध कर्जाने व्यापलेला आहे. एकेकाळचे खोताचे घराणे, हळूहळू पोखरत गेलेले. जमीन विकून देणे फेडावे, असे आई सुचवते. वडिलांना वाडवडिलांची जमीन सोडवत नाही. सावकाराचा माणूस दारात येऊन बसतो. पुढे घरच जाते. व्यवहार आईला कळतो आणि निर्णय तिच्या हातात नाही, ही या पुस्तकातली खरी शोकांतिका आहे. शाळेत आम्हांला शिकवली गेली ती मायाळू आई. हिशेब कळणारी आई कोणी दाखवली नाही. माझ्या घराचे हप्ते वीस वर्षे चालू होते, म्हणून कदाचित ही आई मला चटकन भेटली असेल.

आणखी एक प्रसंग. म्हाताऱ्या महार बाईची मोळी उचलून द्यायला आई श्यामला सांगते, आणि घरी येऊन आंघोळ कर असेही सांगते. लहानपणी मी मोळी वाचली. आता आंघोळ वाचली. दोन्ही एकाच वाक्यसमूहात शेजारीशेजारी आहेत, आणि गुरुजींनी आंघोळ लपवलेली नाही, याला मी महत्त्व देतो. चौदा वर्षांनी, मे १९४७मध्ये, हाच लेखक पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसला. आईने मोळीपर्यंत आणून सोडले, पुढची वाट मुलाने चालली. आईच्या थोरवीचे पुस्तक म्हणून हे वाचले की आंघोळ अडचणीची वाटते. मुलगा आईच्या किती पुढे गेला, हे पाहत वाचले की तीच आंघोळ अर्थपूर्ण होते.

शेवटी श्याम घरी पोहोचतो तेव्हा आई गेलेली असते. पुस्तकभर सांगणाऱ्याला जी घाई आहे, ती या उशिराची असावी असे मला वाटते. तिशीत ज्याला मी रडकेपणा म्हटले, त्यातला बराचसा भाग मी आता या घाईच्या खाती टाकतो. सगळा नाही, काही पाने आजही मला पाणचट वाटतात.

गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले तेव्हा पन्नास वर्षांचे होते. मी चोपन्नचा आहे. तुरुंगात लिहीत बसलेला तो तेहेतीस वर्षांचा माणूस आता मला ‘गुरुजी’ वाटत नाही, धाकट्या भावासारखा वाटतो, आणि त्याच्या वाक्यांवर रागावणे जमत नाही.

आमच्या गावच्या वाचनालयात हे पुस्तक बालविभागाच्या कपाटात असते. एक प्रत मोठ्यांच्या कपाटातही ठेवावी, असे मी ग्रंथपालांना सुचवले आहे. कोणत्या विषयाखाली, असे त्यांनी विचारले. अजून ठरलेले नाही.