रिकाम्या माळावरचे आभाळ

चाइल्ड हॅसम म्हटले की पावसाने ओले झालेले रस्ते, घोडागाड्या आणि महायुद्धकाळातले न्यूयॉर्कचे झेंडे डोळ्यांसमोर येतात. 1859 साली बोस्टनजवळ जन्मलेल्या या चित्रकाराची सुरुवात लाकडी ठसे कोरण्यापासून झाली. 1886 ते 1889 तो पॅरिसला होता. 1897मध्ये ‘द टेन’ हा गट उभा करण्यात त्याचा पुढाकार होता. अमेरिकेतील दृक्प्रत्ययवादाचा तो बिनीचा चित्रकार.

त्याच्या शैलीची खरी कसोटी मात्र शहराबाहेर लागली, असे मला वाटते. 1908मध्ये पोर्टलंडचा वकील आणि कवी सी. ई. एस. वुड या मित्राने त्याला पूर्व ओरेगॉनमधील हार्नीच्या वाळवंटात नेले. तिथे त्याने सुमारे चाळीस चित्रे केली. त्यांतले ‘आफ्टरनून स्काय, हार्नी डेझर्ट’ पोर्टलंडच्या कलासंग्रहालयाने त्याच वर्षी घेतले. प्राचीन शिल्पांच्या प्लॅस्टर प्रतिकृतींवर सुरू झालेल्या त्या संग्रहातली ही पहिली मूळ कलाकृती.

चित्र जेमतेम वीस इंच उंच आणि तीस इंच रुंद. हे तैलचित्र मी छापील प्रतीतच पाहत आलो आहे. क्षितिज खूप खाली, जमिनीला अरुंद पट्टा, उरलेले सारे आभाळ आणि ढग. गर्दी, छत्र्या, दिवे यांचा आधार सुटल्यावर हॅसमच्या तुटक फटकाऱ्यांना फक्त उजेड उरतो. एवढ्याशा कॅनव्हासवर अफाटपणा येतो तो या प्रमाणामुळे.

पण ती जमीन रिकामी का होती? हा परिसर नॉर्दर्न पाययूट लोकांचा. 1872मध्ये इथे त्यांच्यासाठी मॅल्हूर राखीव क्षेत्र नेमले गेले. 1878च्या बॅनॉक युद्धानंतर, 1879च्या हिवाळ्यात, त्यांतल्या अनेकांना शेकडो मैल उत्तरेला याकिमाकडे हाकलण्यात आले. त्या युद्धात वुड सैन्यात अधिकारी होता. तो पुढे या धोरणाचा टीकाकार झाला, हेही नोंदवले पाहिजे.

हॅसमने जे दिसले ते रंगवले. त्याला दोष देऊन चित्र लहान होत नाही आणि हा इतिहास वगळून ते पुरते दिसत नाही. पूर्वी या माळाला मी सहज ‘निर्मनुष्य’ म्हणत असे. आता त्यापुढे ‘केलेला’ हा शब्द जोडतो.