सामरीचे दोन जन्म

रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ १९८४ सालचा आणि ‘सामरी’ पुढच्याच वर्षीचा, १९८५चा. पहिल्याने तिकीटबारीवर धो धो पैसा मिळवला. दुसरा त्या राक्षसाचे नाव आणि तोच चेहरा घेऊन आला, वर थ्रीडीचा चष्माही घेऊन आला. तरी त्याच्याबद्दल ऐकू येणारा निवाडा एकच: पहिल्याची सर नाही. हा निवाडा मला खोटा वाटत नाही, पण त्यासाठी दिले जाणारे कारण मात्र चुकीचे वाटते. दुसऱ्या चित्रपटाचा पहिल्याशी काही संबंधच नाही, नुसते नाव वापरले आहे, असे म्हटले जाते. संबंध नाही हे खरेच आहे. पण भयपटाचा दुसरा भाग जोखायला कथानकाचा धागा हे माप आपण कुठून आणले?

आधी वस्तुस्थिती पाहू. ‘पुराना मंदिर’मधला सामरी निखळ दुष्ट आहे. राजा त्याचा शिरच्छेद करवतो. मुंडके हवेलीत पेटीत बंद, धड मंदिराच्या मागे पुरलेले. मरताना तो शाप देतो की राजघराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल, आणि मुंडके धडाला पुन्हा जोडले गेले की मी उठेन. ही हवेली विजापुरात आहे. मुंबईच्या प्रेक्षकाला ते एक दूरचे, पडझडीचे गाव वाटले असेल. जतच्या माणसाला मात्र सीमा ओलांडली की विजापूर जिल्हाच लागतो. रामसेंच्या भुतांचा आपल्या भागाशी संबंध त्याच्याही आधीचा. १९७२च्या ‘दो गज जमीन के नीचे’साठी या कुटुंबाने आपले बिऱ्हाडच महाबळेश्वरला हलवले होते. लेखन, दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी, संकलन हे सगळे सात भावांत वाटलेले. सातारा जिल्ह्यातले ते धुके तेव्हापासून हिंदी भयपटाचे कायमचे हवामान झाले.

‘सामरी’त मात्र ना शाप आहे ना विजापूर. इथला सामरी हा तंत्रमंत्र जाणणारा एक धनवान माणूस. संपत्तीसाठी त्याच्याच जवळची माणसे त्याला मारतात आणि तो मढ्याच्या रूपाने परत येऊन त्यांचा हिशेब चुकता करतो. पहिल्या भागात ज्याला ठार करायचे होते, त्याच्याच बाजूने आता प्रेक्षकाला उभे राहायचे आहे.

भयपटाच्या इतिहासात अशी उलथापालथ नवी नाही. जेम्स व्हेलच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये (१९३१) राक्षस जळत्या पवनचक्कीत संपतो. १९३५च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये तोच व्हेल त्याला चक्कीच्या तळाशी साचलेल्या पाण्यातून वर काढतो, एका आंधळ्या म्हाताऱ्याच्या झोपडीत बसवतो, बोलायला शिकवतो. बोरिस कार्लॉफला राक्षसाने बोलणे पसंत नव्हते. पण पुष्कळ समीक्षक आज दुसऱ्या भागालाच उजवा मानतात, तो या बोलण्यामुळे आलेल्या करुणेसाठी. व्हेलने दुवा म्हणून ते पाणी तरी ठेवले. रामसेंनी तेवढीही तसदी घेतली नाही. आपल्या प्रेक्षकाला त्याची गरज होती का, हा खरा प्रश्न आहे.

इथे सांगलीकडे वळावे लागते. १८४३ साली सांगलीच्या संस्थानिकांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगवले. त्यातून जी पौराणिक नाटकांची परंपरा निघाली, तिला पुढे कुचेष्टेने ‘अललडुर्र’ नाटके म्हटले गेले. राक्षसपार्टी आरोळ्या ठोकत, राळेच्या भडक्यात रंगभूमीवर यायची म्हणून. आख्यान रोज बदलायचे. आज रावण तर उद्या दुसरा कोणी. आरोळी तीच, राळ तीच, बहुधा नटही तोच. कालच्या आख्यानात मेलेला राक्षस आज कसा आला, असे कुणी विचारत नव्हते. प्रेक्षक पाहायचा तो राक्षसाचा प्रवेश. ‘पुराना मंदिर’ आणि ‘सामरी’ यांचे नाते हे असे आहे. पार्टी तीच, आख्यान नवे. त्याला ‘दुसरा भाग’ हे नाव आपण दिले आणि मग त्या नावाप्रमाणे तो वागत नाही म्हणून तक्रारही आपणच केली.

पण आख्यान बदलले, एवढ्यावर विषय संपत नाही. राक्षसाची जात बदलली आणि तीही अशा रीतीने की कऱ्हाड तालुक्यातल्या पालीच्या यात्रेला जाणाऱ्या माणसाला ती ओळखीची वाटावी. पौषात तिथे खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते, भंडाऱ्याने गाव पिवळे होते. खंडोबाने ज्या दोन दैत्य भावांना मारले, त्यांच्या मरणाची गोष्ट एकसारखी नाही. मणी शेवटच्या क्षणी शरण आला, म्हणून त्याला देवाजवळ जागा मिळाली आणि पूजाही. मल्ल शरण आला नाही. त्याचे शिर देवळाच्या पायरीशी गेले, भक्तांच्या पायाखाली. मंदिर, तोडलेले शिर आणि त्यावर बसवलेला बंदोबस्त ही ‘पुराना मंदिर’ची सगळी मांडणी मल्लाची आहे. ‘सामरी’ने मणीची बाजू उघडायचा प्रयत्न केला. बांधावरचा म्हसोबा, पिंपळावरचा मुंजा ही सगळी मंडळी याच वर्गातली: भयंकर, पण मान दिला तर राखण करणारी. अकाली किंवा अन्यायाने मेलेला माणूस परत येतो, तो कुणाचे तरी देणे राहिले म्हणून, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. रामसेंनी हे ठरवून केले असे मी म्हणत नाही. त्यांना बहुधा चाललेले नाव पुन्हा चालवायचे होते.

मग चित्रपट फसला कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी.

पहिले म्हणजे अनिरुद्ध अगरवालला त्यांनी वापरले, पण वाव दिला नाही. श्रेयनामावलीत अजय अगरवाल या नावाने झळकणारा हा रुरकीत अभियांत्रिकी शिकलेला, अवाढव्य उंचीचा माणूस. त्याचा लांबट, खडबडीत चेहरा हेच त्याचे भांडवल. रंगभूषाकाराला तिथे फारसे काम नव्हते. पहिल्या चित्रपटात तेवढा चेहरा पुरतो, कारण तिथे त्याला फक्त यायचे असते. दुसऱ्यात त्याच्यावर अन्याय झालेला आहे. तो आपल्याला कळायचा तर जिवंत सामरीसोबत थोडा वेळ घालवायला हवा होता. व्हेलने आंधळ्याच्या झोपडीला वेळ दिला. इथे तो वेळ मारामाऱ्या आणि विनोदी उपकथानकाने खाल्ला. (‘पुराना मंदिर’मधले जगदीपचे ‘शोले’ विडंबनही मला असह्यच वाटते, पण तिथे निदान मुख्य भीतीला धक्का लागत नाही.)

दुसरे कारण थ्रीडी. १९८४च्या मल्याळम ‘माय डियर कुट्टिचात्तन’नंतर ती लाट हिंदीत आली. या तंत्रात दोन डोळ्यांसाठीची दोन चित्रे ध्रुवीकृत प्रकाशात पडद्यावर पडतात आणि चष्मा ती वेगळी करतो. त्यासाठी पडदा चंदेरी लेपाचा हवा. साध्या पांढऱ्या पडद्यावर ध्रुवीकरण विस्कटते आणि दोन्ही चित्रे एकमेकांत मिसळतात. शिवाय चष्म्यामुळे उजेड निम्म्याहून कमी होतो. मुळात अंधारात घडणाऱ्या चित्रपटाला हे महागात पडते. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेसारख्या ठिकाणी तंबू ठोकणाऱ्या टुरिंग टॉकीजकडे कापडाचा पडदा असायचा. रामसेंचा खरा प्रेक्षक अशा तंबूंत आणि तालुक्याच्या थिएटरांत होता. म्हणजे ज्या नवलाईवर दुसऱ्या भागाची सारी भिस्त होती, ती नेमकी या प्रेक्षकापर्यंत पोचण्यासारखी नव्हती. चष्मा काढला की उरतात प्रेक्षकाच्या अंगावर उगाच भिरकावलेल्या वस्तू आणि त्यांच्यासाठी थांबवलेली दृश्ये.

आज हे चित्रपट हसण्यासाठी पाहिले जातात. शहरी रसिक मित्रांना जमवून रबरी हातांवर हसतो आणि वर त्याला ‘कल्ट’ म्हणतो. ‘पहिल्याची सर नाही’ म्हणणारा जुना प्रेक्षक मला या रसिकापेक्षा जवळचा वाटतो. तो निदान घाबरायला गेला होता. त्याने चित्रपटाला खरे माप लावले आणि तो त्यात कमी भरला.

रामसेंनी या निवाड्यातून धडा घेतला, पण उलटा. १९९०च्या ‘बंद दरवाजा’त अगरवाल परत आला. या वेळी नाव नेवला, वटवाघळासारखा, रक्त पिणारा, ड्रॅक्युलाच्या घराण्यातला. मणीचा तो अर्धामुर्धा प्रयोग त्यांनी सोडून दिला आणि त्याला पुन्हा मल्लाच्या पायरीवर नेऊन ठेवले. चित्रपट चालला.