‘वीज वनस्पती’ आणि दहा टक्के

वाङ्मयचौर्य पकडणाऱ्या संगणक-प्रणालींचे सध्या फार कौतुक चालते. प्रबंध यंत्रात घालायचा, साम्याचा आकडा पाहायचा, आणि तो दहा टक्क्यांच्या आत आला की सुटलो! विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी ही मर्यादा घातली. संदर्भसूची, प्रमाण समीकरणे, नियम हे सारे त्यात मोजणीतून वगळले आहे. ते योग्यच, ओहमचा नियम कोणी वेगळ्या शब्दांत का लिहावा?

आमचा आक्षेप आकड्यावरच्या भक्तीला आहे. यंत्र शब्द जुळवते. मजकूर कोणाचा, हे ते सांगत नाही. शिवाय शब्दांच्या जागी पर्यायी शब्द घालून देणाऱ्या प्रणालीही आहेतच. २०२१ साली गियोम काबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह यांनी छापील शोधनिबंधांतून अशा करामती हुडकल्या. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चे झाले होते ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, म्हणजे बनावट जाणीव! ‘ब्रेस्ट कॅन्सर’चे ‘बुझम पेरिल’. साम्य लपवण्यासाठी बदललेला शब्दच इथे चोरीचा माग ठरला. एकदा विचित्र शब्दप्रयोग हाती लागला, की तो अवतरणचिन्हांत घालून शोधला तर त्याची भावंडेही सापडतात. हे निबंध छापण्यापूर्वी कोणी वाचले होते की नाही, असा प्रश्न मात्र पडतो.

मराठीत हा प्रकार अधिक अवघड होतो. इंग्रजी मजकूर यंत्राने मराठीत उतरवला, की शब्दाला शब्द जुळतच नाही. औष्णिक विद्युत केंद्रावरची एक प्रकल्पवही आमच्याकडे तपासायला आली होती. त्यातली सात-आठ शब्दांची वाक्ये आम्ही अवतरणचिन्हांत घालून शोधली. काही मिळाले नाही. वही निर्दोष ठरवणार, तोच तिसऱ्या पानावर ‘वीज वनस्पती’ दिसली. मूळ इंग्रजी शब्द कोणता, हे वाचकांना सांगायला नको.

मुलीला बोलावून विचारले, “वीज वनस्पती म्हणजे काय गं?” ती गोंधळली. मग म्हणाली, “सर, कोळसा झाडांपासूनच होतो ना, म्हणून असेल.”

आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. वहीतले एवढेच एक वाक्य तिचे स्वतःचे असते, पण ते वहीत नव्हते. वही आम्ही परत दिली आहे. कोळशापासून विजेपर्यंतचा प्रवास तिने आकृतीसह, स्वतःच्या शब्दांत लिहून आणायचा आहे, आणि सुरुवात त्या झाडांपासून करायची आहे.